तळहातावर कोरलेली नावं

यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत मी शिक्षिका होते. पाढे, कविता, सनावळ्या मुलांकडून पाठ करून घेण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे स्मरणशक्ती ही माणसाची सगळ्यात मोठी दौलत असं मी मानत आले. माझ्या बाबांनी शेवटच्या वर्षांत ही दौलत थोडी थोडी करून गमावली. ते यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या ग्रंथालयात कामाला होते. १९८३ साली सेमिनरी पुण्याला गेली. आईची नोकरी आणि घरची शेती इथे होती, म्हणून बाबा इथेच राहिले. स्तोत्रसंहितेचे अध्यायच्या अध्याय ज्यांच्या तोंडी असत, त्यांना एका पावसाळ्यात स्वतःच्या घराचं दार ओळखू येईना.

त्या वर्षांत मी जे शिकले ते इथे मांडते आहे. घरात असं माणूस असलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. मी ख्रिस्ती आहे आणि मला जे कळलं ते पवित्र शास्त्राच्या आधारानं कळलं. पण विसरणं कोणत्या घरात येत नाही?

१. आजार आधी जवळचं नेतो, मग लांबचं

डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितलं होतं. अल्झायमरमध्ये नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग आधी झिजतो. म्हणून सकाळचा चहा पुसला जातो आणि साठ वर्षांपूर्वीची जत्रा तशीच्या तशी राहते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार आपल्या देशात साठ वर्षांवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. खेड्यात आपण त्याला म्हातारचळ म्हणतो, 'साठी बुद्धी नाठी' म्हणतो आणि गप्प बसतो. त्या म्हणीनं घरातल्या माणसांना किती लागतं हे ती म्हणणाऱ्याला कळत नाही.

बाबा जेवून उठले की विचारायचे, "माय, मी जेवलो काय?" संध्याकाळ झाली की चपला शोधायचे. "चाल लवकर, शकुंतला निघून जाईन." यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी ती छोटी गाडी बंद पडून काही वर्षं झाली होती. सुरुवातीला मी समजावत असे की गाडी आता नाही, स्टेशनही ओस पडलंय. ते घाबरत, चिडत. मग मी म्हणू लागले, "आज गाडी उशिरा आहे बाबा, तोवर चहा घ्या." ते शांत बसत. हे खोटं बोलणं झालं का, असा प्रश्न मला मंडळीतल्या एका भगिनीनं विचारला होता. माझं मत पक्कं आहे. भेदरलेल्या माणसाला दर संध्याकाळी नव्यानं धक्का देण्याला मी सत्यप्रीती म्हणणार नाही.

२. देवाला आठवण झाली की काहीतरी हलतं

बाबांना मी रोज शास्त्र वाचून दाखवायचे. ते ऐकत की नाही कोण जाणे, पण माझं वाचन मात्र बदललं. पूर्वी हजारदा वाचलेल्या ओळींत आठवण कुठे कुठे येते तिकडे लक्ष जाऊ लागलं.

उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात देवाला नोहाची आठवण होते आणि लगेच वारा सुटतो, पाणी ओसरू लागतं. राहेलीची आठवण होते आणि तिची कूस उजवते. हन्नेची आठवण होते आणि शमुवेल जन्माला येतो. मिसरात गुलामांचं कण्हणं ऐकून देवाला अब्राहामाशी केलेला करार आठवतो, आणि पान उलटताच होरेबाजवळचं झुडूप पेटलेलं दिसतं. तिथे कुणी नुसतं बसून आठवण काढत नाही. देवाला आठवलं असं लिहिलं की पुढच्याच ओळीत कुणाची तरी सुटका सुरू होते.

आपलं तसं नसतं. 'तुझी फार आठवण येते' हे वाक्य आपण किती सहज बोलतो. बाबांच्या आजारपणात जी माणसं दारात आली, ज्यांनी एक रात्र जागून मला झोपू दिलं, त्यांनी असं वाक्य कधी उच्चारलं नाही. तेव्हापासून मी एक नियम धरला आहे. प्रार्थनेत कुणाचं नाव आलं की त्या दिवशी त्याला फोन करायचा किंवा त्याच्याकडे जायचं.

३. आई विसरू शकते, हे शास्त्र मान्य करतं

बाबांनी पहिल्यांदा मला "बाई, तुम्ही कोणाच्या?" असं विचारलं, त्या दिवसाबद्दल मला फार लिहिता येत नाही. आवाजात परक्या बाईशी बोलताना असते तशी अदब होती. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

त्या आठवड्यात यशयाचा एकोणपन्नासावा अध्याय वाचायला आला. बाबेलच्या बंदिवासाच्या काळातलं ते वचन. सियोन तक्रार करते की प्रभूनं मला टाकलं, तो मला विसरला. त्यावर देव आईचा दाखला देतो. मी लहानपणापासून हे वचन मातृप्रेमाची थोरवी म्हणून ऐकलं होतं. मदर्स डेच्या उपासनेत ते हमखास असतं. पण नीट वाचलं तर तिथे आईला चढवून ठेवलेलं नाही. अंगावर पिणाऱ्या लेकराला आईदेखील विसरू शकेल, असं देव सरळ कबूल करतो, आणि मग स्वतःबद्दल बोलतो. ज्या घरात बापानं लेकीला ओळखलेलं नाही, त्या घरात हे कबूल करणं किती मोठं वाटतं! रक्ताचं नातं, दुधाचं नातं, सगळं थकू शकतं. शास्त्राला ते ठाऊक आहे आणि शास्त्र ते लपवत नाही. मला त्या दिवशी याच एका गोष्टीनं धीर दिला.

त्यापुढची ओळ तळहाताची आहे. देव म्हणतो की तुला मी तिथे कोरलं आहे.

कोरण्याचं मोल मला एका नावावरून कळलं. आमच्या गाडीचं नाव शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद वाट, वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजी कंपनीनं टाकलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. बाबांना ती सोडत नव्हती म्हणून मला कालिदासाची शकुंतलाही आठवत राहिली. तिथेही विसरणंच आहे. दुर्वासाचा शाप, दुष्यंताचं भान हरपणं, आणि सगळी भिस्त एका अंगठीवर. अंगठी बोटातून निसटून पाण्यात पडली आणि राजाची बायको भर दरबारात परकी ठरली. माणसाच्या आठवणीला अशी खूण लागते आणि खूण हरवते. कोळ्याच्या जाळ्यात तो मासा आला नसता तर?

तळहातावर कोरलेलं मात्र निसटत नाही. योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू शिष्यांना आपले हात दाखवतो, खिळ्यांच्या खुणांसकट. मरण जिंकून आलेल्या शरीरावर त्या जखमा उरण्याचं कारण काय, असं लहानपणी मी संडे स्कूलमध्ये विचारलं होतं. उत्तर मला यशयात सापडलं, आणि तेही पन्नाशी उलटल्यावर.

४. बाबांची वही

सेमिनरी १९५३ साली यवतमाळात सुरू झाली. फ्री मेथडिस्ट मिशनच्या इथल्या बायबल शाळेतून ती उभी राहिली आणि निरनिराळ्या मिशनांनी मिळून ती चालवली. केरळ, आंध्र, नागालँड, मिझोराम, ओरिसा, कुठून कुठून मुलं या कापसाच्या गावात यायची. धामणगावला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि मोटारीनं यवतमाळ गाठायचं. बाबा त्यांना पुस्तकं काढून द्यायचे. इंग्रजी जेमतेम, पण कोणत्या पोरानं कोणतं पुस्तक नेलं आणि परत आणलं नाही हे तोंडपाठ.

शिक्षण संपवून मुलगा गावी निघाला की बाबा त्याचं नाव एका जाड वहीत लिहायचे. नाव, प्रांत, साल. रोज पहाटे त्या वहीचं एक पान घेऊन ते प्रार्थना करत. सेमिनरी पुण्याला गेली तरी वही इथेच राहिली आणि पहाटेचा नेम चालू राहिला. ती मुलं पुढे पाळक झाली, शिक्षक झाली, काही वारली. यवतमाळातला एक माणूस रोज आपलं नाव घेतो हे त्यांतल्या बहुतेकांना कधीच कळलं नसेल.

आजार वाढला तशी बाबांना अक्षरं लागेनाशी झाली. वही मात्र ते मागायचे. मी उघडून मांडीवर ठेवायचे. ते पानावर हात ठेवून म्हणत, "प्रभू, हे तुयेच लोकं हायेत. मले नावं आठवत नाहीत. तुले ठाऊक हाय." आणि आमेन.

इतकी शुद्ध प्रार्थना मी उपासनेत क्वचित ऐकली आहे. आम्ही देवाला माहिती पुरवत असल्यासारखे बोलतो. कोण आजारी, कुठल्या दवाखान्यात, कुठलं ऑपरेशन. बाबांकडे सांगायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी सगळी माणसं त्याच्या हवाली केली. पौल रोमच्या मंडळीला लिहितो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी विनंती करतो. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात देवासमोर एक आठवणीची वही लिहिली जाते. बाबांची वही त्या वहीची नक्कल होती. नक्कल वाचता येईनाशी झाली तरी मूळ प्रत शाबूत होती.

जॉन स्विंटन यांचं स्मृतिभ्रंशावरचं २०१२ सालचं पुस्तक नंतर एका पाळकांकडून मला कळलं. ते आधी मनोरुग्णांची शुश्रूषा करत, पुढे स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला ईश्वरविद्येचे प्राध्यापक झाले. माणूस स्वतःला विसरला तरी देवाच्या स्मरणात तो पूर्ण असतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. वाचून मला आनंद झाला, नवल वाटलं नाही. हे मी मांडीवरच्या वहीत आधी पाहिलं होतं.

५. विसरणं आणि क्षमा करणं यांत अंतर आहे

बाबा आणि काका यांच्यात धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण होतं. काकांनी धुरा आमच्या बाजूला सरकवला होता, ते साऱ्या गावाला माहीत होतं. दोघे एकाच मंडळीत वेगवेगळ्या बाकांवर बसत. बाबांच्या आजाराचं कानावर आलं तेव्हा काका एकदाचे भेटायला आले. त्यांना पाहताच बाबांचा चेहरा खुलला. "ये ना रे, कवाचा आला? माय कुठी हाय?" त्यांच्या लेखी आजी जिवंत होती, दोघं भाऊ लहान होते आणि धुरा जिथल्या तिथे होता.

काका अंगणात येऊन रडले. मला म्हणाले, "ज्याले आठवतच नाही, त्याची माफी मांगू कशी?"

हा प्रश्न मी पाळकांपुढे ठेवला. त्यांनी यिर्मयाचा एकतिसावा अध्याय काढला. तिथे नव्या कराराचं वचन आहे. देव म्हणतो की त्यांची पापं मी यापुढे स्मरणार नाही. ज्याला सारं आठवतं त्याचं हे बोलणं आहे. बाबांच्या डोक्यातून भांडण गळून पडलं होतं, त्यात त्यांचा निर्णय नव्हता. देवाचा मात्र निर्णय असतो, आणि त्याची किंमत त्यानं कालवरीवर मोजली. म्हणून पाळक काकांना म्हणाले की तुमच्या भावाच्या आठवणी आता ज्याच्याकडे आहेत, त्याच्याकडे माफी मागा, आणि लुबाडलेलं परत देणाऱ्या जक्कयासारखं हातानंही करा.

आमच्या घरी प्रार्थना झाली. बाबा शेजारी बसून काकांचा हात कुरवाळत होते. त्या उन्हाळ्यात काकांनी मोजणी आणली आणि धुरा मागे घेतला. मला यातली मोजणी फार मोलाची वाटते. नुसते अश्रू असते तर मी हा प्रसंग लिहिला नसता.

६. 'मला विसरलास का?' असं देवाला विचारता येतं

तेराव्या स्तोत्रात दावीद नेमकं हेच विचारतो, तेही पुन्हा पुन्हा. योसेफाला तुरुंगात प्यालेबरदाराचा विसर सोसावा लागला आणि पुढे दोन पुरी वर्षं तिथेच काढावी लागली. त्या दोन वर्षांत तो देवाशी काय बोलला ते उत्पत्तीत नाही. मीही पुष्कळ बोलले आहे, विशेषतः रात्री दोननंतर बाबा उठून दाराची कडी काढू लागत तेव्हा. ते बोलणं मी मागे घेणार नाही. दाविदाचं बोलणं शास्त्रात टिकलं, तर माझंही देवाला चालत असेल.

७. शेतात विसरलेली पेंढी

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात एक नियम आहे. माझ्या माहितीत माणसाच्या विसरण्याला पुण्यकर्मात बसवणारी शास्त्रातली ही एकच जागा. कापणी करताना शेतात एखादी पेंढी विसरलात तर आणायला परत जाऊ नका. ती उपरी, अनाथ आणि विधवा यांची. देवाला ठाऊक होतं की माणूस विसरणार. त्यानं त्या विसरण्याच्या वाटेवर विधवेला उभं केलं. बवाजाच्या शेतात रूथ सरवा वेचायला गेली ती याच वहिवाटीनं, आणि तिच्याच वंशात दावीद झाला, पुढे येशू झाला.

बाबा धडधाकट होते तेव्हापासून आमच्या शेतात फरदडीचा शेवटचा कापूस आम्ही वेचत नसू. गावातल्या एकट्या बायांनी तो न्यावा असा रिवाज होता. लहानपणी मला वाटे की बाबा विसरले. मी आठवण करून दिली की ते म्हणत, "राहू दे."

या जिल्ह्यात विधवांबद्दल बोलताना गप्प कसं राहायचं? महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्यानं १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिची नोंद घेतली जाते. २०१७ पासून दर १९ मार्चला शेतकरी आणि त्यांच्याबद्दल कळवळा असणारे लोक एक दिवस अन्नत्याग करतात. मीही करते. इतक्या वर्षांनंतर पोटाला चिमटा घेऊन कुणाची आठवण ठेवणं हे मला शास्त्राच्या जवळचं वाटतं. त्याच २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. त्यांची नावं आज किती जणांना सांगता येतील?

आपल्या मंडळ्यांबद्दल मला एक बोलायचं आहे. घरात मरण झालं की आपण धावतो, धान्याचं पोतं पोचवतो, तिसऱ्या दिवशी प्रार्थना करतो. बँकेची नोटीस सहा महिन्यांनी येते. पोराची फी जूनमध्ये भरायची असते. सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात आणि सोबत कुणी नसतं. कापणीच्या सणाला वेदीपुढे कापूस, तूर, गहू मांडून लिलाव करतो, त्या पैशाची एक वाट या घरांकडे जावी, दरवर्षी, विसरून चालणार नाही अशी बांधलेली. अनाथ आणि विधवा यांचा समाचार घेण्याला याकोब आपल्या पत्रात शुद्ध धर्म म्हणतो, ते सगळ्यांना पाठ आहे. वेगळं प्रवचन कशाला हवं?

८. पणजीला आपलं गाव माहीत नव्हतं

१८९९-१९०० च्या दुष्काळात माझी पणजी अनाथालयात आली. तेव्हा या जिल्ह्याला वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळालं. फ्री मेथडिस्ट मिशन इथे त्याआधीच्या दशकात आलं होतं. पणजी इतकी लहान होती की तिला स्वतःचं नाव, गाव, जात, आईचा चेहरा काहीच सांगता आलं नाही. एका पांढऱ्या बैलाची आठवण तेवढी तिच्याकडे होती. मिशनच्या बायांनी तिला शास्त्रातलं एक नाव दिलं. तेच पुढे कागदोपत्री लागलं.

विदर्भात अशी पुष्कळ ख्रिस्ती घरं आहेत जिथे वंशावळ दुष्काळापाशी येऊन थांबते. पंडिता रमाबाई १८९७ साली मध्य प्रांतात जाऊन दुष्काळातल्या मुली, विधवा घेऊन गेल्या आणि त्यांतून केडगावचं मुक्ती मिशन वाढलं. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले होते. उपाशी मुलीकडे पाहताना त्यांना काय दिसत असेल याची कल्पना करता येते.

'दुष्काळातले ख्रिस्ती' असं म्हणून आम्हाला हिणवलेलं मी शाळेतही ऐकलं आहे. मला त्याची लाज वाटत नाही. रस्त्याच्या कडेला पडलेल्या, नावही सांगू न शकणाऱ्या पोरीची आठवण कुणाला तरी झाली आणि त्यातून आमचं सारं घर उभं राहिलं. तिचं मूळ नाव पृथ्वीवर कुणाला ठाऊक नाही. तिच्या आईनं ते एकदा हाक मारून घेतलं असेल आणि ते ऐकणारा आजही आहे, यावर माझा विश्वास आहे. वंशावळ शोधायचा नाद मी त्यामुळे सोडून दिला.

९. प्रभुभोजनाला कुणाला बसवायचं

स्मृती गेलेल्याला प्रभुभोजन द्यावं का, हा विषय मंडळ्यांत चर्चेचा आहे. पौलानं करिंथकरांस लिहिलं आहे की माणसानं आत्मपरीक्षा करून भाकरीत भाग घ्यावा. ज्याला भाकर म्हणजे काय तेच कळत नाही तो परीक्षा कशी करणार, असं एका वडीलधाऱ्या सभासदानं विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता. माझं उत्तरही प्रामाणिक आहे.

करिंथात काय चाललं होतं ते पाहावं. श्रीमंत आधी येऊन खात-पीत आणि गरीब उपाशी राहत. पौलाचा राग त्यांच्यावर होता. शेजाऱ्याला विसरून जेवणाऱ्यांना तो बजावत होता. बाबांसारख्याला दूर ठेवण्यासाठी ते वचन वापरणं मला अन्यायाचं वाटतं. आणखी एक. माझ्या स्मरणार्थ हे करा, असं प्रभूनं ज्यांना सांगितलं ते कोण होते? ती रात्र सरायच्या आत पळून जाणारे. कोंबडा आरवण्याआधी पेत्रानं तीनदा ओळख नाकारली, तीही धडधाकट स्मरणशक्ती असताना. तरी त्याला भाकर मिळाली होती.

आमच्या पाळकांनी पहिल्यापासून बाबांच्या हातात भाकर ठेवली, नाव घेऊन, त्यांच्यासाठी दिलेलं शरीर म्हणून. काही वेळा बाबा विचारत, "हे काय हाय?" पाळक पुन्हा सांगत. एकदा त्यांनी भाकर मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. लहानपणी घरी ते तसंच करायचे.

येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या गुन्हेगाराकडे धर्मज्ञान नव्हतं, पाठ केलेलं वचन नव्हतं, पुढच्या आयुष्यात काही करून दाखवायला वेळही नव्हता. त्यानं एवढंच मागितलं की राजाधिकारानं येशील तेव्हा माझी आठवण ठेव. त्याला त्याच दिवसाचं उत्तर मिळालं. बाबांची गत याहून वेगळी कुठे होती?

१०. आपण विसरतो तेव्हा दुसरा पुढे नेतो

कवी नारायण वामन टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तायन हे काव्य अपुरं होतं. ते पूर्ण केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शिक्षण बेताचं, तरी त्यांनी ते काम अंगावर घेतलं. त्यांच्या स्मृतिचित्रांत टिळक घरच्या व्यवहारात किती विसराळू होते ते जागोजागी दिसतं. विसरणाऱ्या माणसाचं अर्धं राहिलेलं काम आठवणारं माणूस उचलतं. बाबांची वही आता माझ्याकडे आहे. मी रोज एक पान घेते. नव्या मुलांची नावं शेवटी लिहीत जाते.

११. 'मला ओळखलं का?' असं विचारू नका

भेटायला येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस हा प्रश्न विचारत असे, प्रेमानंच. बाबा गोंधळत, चाचपडत, मग कसनुसं हसत. भेट परीक्षेनं सुरू व्हायची आणि त्यात ते दर वेळी नापास व्हायचे. शेवटी मी दारातच सांगायला लागले. आत आल्यावर जय ख्रिस्त म्हणा. आपलं नाव आणि गाव सांगा. समोर बसा, दिसतील असे. हात हातात घ्या. गाणं येत असेल तर 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं एखादं म्हणा. बोलणं गेलं तरी चाल त्यांना साथ द्यायची. फार प्रश्न नकोत. ते जे बोलतील त्या काळात तुम्हीही चला, आजी जिवंत असेल तर असू द्या. निघताना पुन्हा येतो म्हणा आणि खरंच या. त्यांना मागची भेट आठवणार नाही, पण तुम्ही गेल्यावर तासभर त्यांचा चेहरा निवलेला असायचा, ते मी पाहिलं आहे.